निमाणी फेरी

सां पेद्रोच्या धक्क्यावर पत्र्याचा एक फलक आहे,
कडेने गंजलेला.
पांढऱ्यावर काळे आकडे, शेवटची ओळ तेवढी लाल.
खाली बारीक सही: कुष्टा पेंटर, माशेल.
काम मिळालं त्या आठवड्यात
मी त्याच्याकडे बघून हसलो होतो.

आल्तिनोच्या उतारावर, गार काचेच्या ऑफिसात
आम्ही फेरीबोटीचं नवं संकेतस्थळ मांडलं.
पडदाभर मांडवी, ड्रोनने टिपलेली,
तिच्यावर पातळ करड्या अक्षरांत
"किनारा तुमची वाट पाहतोय".
चार सेकंद झाले की नदी सरकायची,
दुसरी नदी यायची.
मग मोकळी जागा. पुन्हा मोकळी जागा.
हल्ली सगळे असंच करतात,
आणि सगळे करतात ते बरंच असणार
असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.
वेळापत्रक? आहे ना.
कोपऱ्यातल्या तीन रेघांत,
तिथून "प्रवास", तिथून "नियोजन",
घडीच्या पोटात घडी, लग्नातल्या शालूसारखी.

दिवाडीची एस्पेरान्सा पणजीच्या हॉटेलात
रात्रपाळीला कांदे चिरते.
तडा गेलेला फोन तिने माझ्यापुढे धरला.
"हें तुवेंच केलां मरे? निमाणी फेरी कितल्या वरांचेर?"
म्हटलं, त्या तीन रेघांवर बोट ठेव.
ओला अंगठा काचेला कळेना.
तेवढ्यात नदी सरकली आणि अंगठ्याखाली आलं
"सूर्यास्ताची सहल बुक करा".
"ह्या रेघांक कितें म्हणटात?"
बर्गर, मी म्हटलं.
ती हसली नाही.
"आमच्या किचनांतल्या बर्गरांत कितें आसा
तें भायल्यान दिसता."

महिनाअखेर अहवाल आला:
माणूस सरासरी तीन मिनिटं चाळीस सेकंद थांबतो.
टाळ्या. बेबिंका कापली गेली, सातही थर.
तीन मिनिटं चाळीस सेकंद तो करतो काय,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. माझ्या तोंडात बेबिंका होती.

मग ती रात्र.
दिवाडीला रुझारच्या घरी लादायीन,
उकडलेले चणे, थोडी फेणी, मग आणखी थोडी.
उतरणीवर आलो तर धक्क्यावर कुत्रंही नाही.
फोन तीन टक्के, रेंजची एकच काडी.
मी माझंच पान उघडलं.
आधी करडा चौकोन.
मग अर्धी मांडवी, कमरेपर्यंत.
मग कुकीज चालतील का?
चालतील, बाबा.
मग कोपऱ्यातून एक फुगा: नमस्कार! मी काय मदत करू?
मी खरंच टाइप केलं, शेवटची फेरी.
तो म्हणाला, फेरी म्हणजे तुम्हाला
नक्की काय अभिप्रेत आहे?
आणि फोन मिटला.

समोर मांडवी, पडदाभर,
काळोखी, वर एकही अक्षर नाही.
मागून कुणाची तरी स्कूटर वळली,
दिव्याची तिरीप भिंतीवरून गेली.
या काठालाही कुष्टाचा पत्रा होता.
लाल ओळ. झटक्यात वाचली.
दहा मिनिटांपूर्वी गेलेली.

सोमवारी मी म्हटलं, वेळा वर घेऊ,
सगळ्यात वर, काळ्या, ठळक.
साहेब म्हणाले, गाड्यावरच्या रेटबोर्डासारखं दिसेल.
म्हटलं, रेटबोर्डापुढे कुणी वाट चुकत नाही.
शेवटी नदीखाली एक पट्टी मिळाली, करड्यात.
काळ्यात, मी म्हणतोय.
ते अजून ठरायचं आहे.

तोवर एस्पेरान्साने पत्र्याचा फोटो काढलाय,
अख्ख्या किचनला पाठवलाय.
एका क्षणात उघडतो.
थोडा तिरका, गंजासकट,
खाली कुष्टाची सही
आणि कडेला आलेला तिचा अंगठा.